सोन्याची जुनी प्रूफ नाणी जमवायची आहेत? सुरुवात १९०२ आणि १९११ पासून करा

सोन्याचं नाणं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा येतो. किती ग्रॅम, किती कॅरेट, आजचा भाव काय. प्रूफ नाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं प्रूफ नाणं विकत घेताना आपण सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजतो, आणि ते पैसे जातात नाण्याच्या पृष्ठभागाला. टांकसाळीतून निघाला तेव्हा जसा होता, तसाच तो शंभर-सव्वाशे वर्षं टिकलाय का, एवढंच बघायचं असतं. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचं बरंचसं सोपं होतं.

अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका अशा कितीतरी देशांनी त्या काळात सोन्याची प्रूफ नाणी काढली. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी ब्रिटनच्या दोनच संचांकडे बोट दाखवतो: सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा १९०२ चा आणि पाचव्या जॉर्जचा १९११ चा. त्यांची माहिती भरपूर आहे, नाणी वेळोवेळी लिलावात येतात, आणि आपल्या घराघरांत 'गिनी' म्हणून जी सॉव्हरिन (ब्रिटनची एक पौंडाची सोन्याची नाणी) कपाटात पडून असतात त्यांचीच ही सख्खी भावंडं आहेत. त्यामुळे हाताला आणि डोळ्याला निम्मी ओळख आधीच असते.

आधी प्रूफ म्हणजे काय ते नीट समजून घ्या

रोजच्या व्यवहारासाठी नाणी पाडताना टांकसाळ वेगाला महत्त्व देते. पोती भरभरून नाणी निघतात, एकमेकांवर आदळतात, मोजली जातात, बँकेत जातात. प्रूफ नाण्याचं काम निराळं. साचा खास तयार केलेला, सोन्याची चकती निवडून घेतलेली, दाब सावकाश आणि जास्त, आणि निघालेलं नाणं हाताळायचं तेही एकेक करून. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात, काठ चौकोनी आणि उभा येतो, कडेचे दाते पूर्ण उमटतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रूफ म्हणजे मानाचा एक दर्जा किंवा 'एकदम नवंकोरं' असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रूफ ही नाणं तयार करण्याची पद्धत आहे. प्रूफ नाणं खिशात घालून वर्षभर फिरवलं तर ते झिजलेलं प्रूफ होईल, पण प्रूफच राहील. उलट साधं नाणं कितीही जपलं तरी त्याचं प्रूफ होत नाही.

आता या दोन संचांमधला फरक. १९११ च्या नाण्यांची चमक आपल्या ओळखीची आहे: मोकळा भाग आरशासारखा, राजाचं डोकं किंचित दुधट. १९०२ ची मात्र मॅट आहेत. लंडनच्या टांकसाळीने त्या वर्षी साच्यांचा संपूर्ण पृष्ठभागच बारीक खरखरीत करून घेतला होता. त्यामुळे नाण्यावर कुठेही लकाकी नाही. सगळीकडे एकसारखा, मऊ, मखमली सोनेरी रंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते नाणं मळकट वाटतं. या एका गैरसमजाने त्या नाण्यांचं फार नुकसान केलंय, त्याकडे पुढे येतोच.

कोणती नाणी आणि किती निघाली

१९०२ चा मोठा संच १३ नाण्यांचा. त्यात सोन्याची चार: पाच पौंड, दोन पौंड, सॉव्हरिन आणि अर्धा सॉव्हरिन. बाकीची चांदीची, पाच शिलिंगांच्या मोठ्या क्राउनपासून ते मॉन्डीच्या, म्हणजे राजाने ईस्टरआधी दानात वाटायच्या, चिमुकल्या नाण्यांपर्यंत. असे ८,०६६ संच निघाले. छोटा संच ११ नाण्यांचा, त्यात पाच आणि दोन पौंडांची नाणी नव्हती. असे ७,०५७ संच निघाले. म्हणजे मॅट प्रूफ सॉव्हरिन आणि अर्धा सॉव्हरिन प्रत्येकी १५,१२३.

१९११ चे आकडे खूपच कमी. १२ नाण्यांचा मोठा संच २,८१२. पाच आणि दोन पौंड वगळून १० नाण्यांचा संच ९५२. सोनं नसलेला ८ चांदीच्या नाण्यांचा संच २,२४३. बेरीज केली तर १९११ चे प्रूफ सॉव्हरिन फक्त ३,७६४ होतात. त्याच वर्षी लंडनच्या टांकसाळीने साधे सॉव्हरिन तीन कोटींच्या वर पाडले होते. म्हणून '१९११ चं सॉव्हरिन आहे' एवढ्यावर कुणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढे जायचं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. १९११ ची पाच पौंड आणि दोन पौंडांची नाणी व्यवहारासाठी निघालीच नाहीत. त्यामुळे त्या वर्षाचं अस्सल पाच पौंडांचं नाणं हे प्रूफच असतं, मग ते कितीही खराब झालेलं असो. १९०२ मध्ये मात्र पाच पौंडांची ३४,९११ आणि दोन पौंडांची ४५,८०७ साधी नाणीही निघाली. तिथे प्रूफ की साधं हा प्रश्न खराखुरा आहे, आणि दोघांच्या किमतीत फरक पडतो.

वजनं पाठ असू द्यात. सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर. अर्धा त्याच्या निम्म्या वजनाचा, ३.९९४ ग्रॅम. दोन पौंड १५.९७६ ग्रॅम, पाच पौंड ३९.९४ ग्रॅम. सगळी २२ कॅरेटची, उरलेला हिस्सा तांब्याचा. सॉव्हरिनमध्ये शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम.

घरातल्या गिनीवर डोळा तयार करा

प्रूफवर पैसे घालण्याआधी साध्या सॉव्हरिनशी मैत्री करा. आईकडे, आजीकडे, मावशीकडे विचारा. बहुतेक घरांत एखादी तरी गिनी निघते. ती आणि पाचपट-दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घेऊन बसा. ट्यूबलाइटखाली फारसं काही कळत नाही. टेबलावरचा एकच दिवा हवा, आणि नाणं कडेला धरून हळूहळू कलतं करायचं.

राजाच्या बाजूला कानाच्या वरचे केस, भुवई आणि दाढीचा पुढे आलेला भाग बघा. झीज तिथूनच सुरू होते. एडवर्डचं चित्र जॉर्ज विल्यम डी सॉल्स या टांकसाळीच्या मुख्य कोरीव कारागिराचं, जॉर्जचं चित्र ऑस्ट्रेलियन शिल्पकार बर्ट्रम मॅकेनलचं. दोघांची आद्याक्षरं मानेच्या भागात अगदी बारीक कोरलेली असतात. ती स्पष्ट वाचता येतात का ते बघण्याची सवय लावा. राजाच्या नावाभोवतीच्या लॅटिन मजकुरात शेवटी 'इंड इंप' येतं, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. हाच मॅकेनल १९११ च्या आपल्या चांदीच्या रुपयाचाही चित्रकार. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मोठा गहजब झाला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घ्यावा लागला.

दुसऱ्या बाजूला बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कोरीव कारागिराचा घोड्यावरचा संत जॉर्ज आणि पायाखालचा ड्रॅगन. इथे घोड्याच्या मांडीचा आणि संताच्या छातीचा उठाव बघा, शिरस्त्राणाचा तुरा बघा. खाली सन, आणि सनाच्या वर जमिनीची रेघ. या रेघेवर एखादं इंग्रजी अक्षर दिसतं का ते नीट शोधा. लंडनच्या नाण्यावर तिथे काही नसतं. एस असेल तर सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ, सी म्हणजे ओटावा, आय म्हणजे मुंबई. राज्याभिषेकाचे संच लंडनचे. तेव्हा 'संचातलं १९०२ चं प्रूफ' म्हणून दाखवलेल्या सॉव्हरिनवर एम किंवा पी दिसलं तर बोलणं तिथेच संपवा.

गिनीला कडी लावून ती माळेत ओवलेली असेल तर तीही शिकायला उत्तम. कडी काढलेल्या जागी काठावर झाळकामाची खूण राहते, दाते सपाट होतात, कधी काठ घासून गोल केलेला दिसतो. अशी खूण ओळखता आली की बाजारातल्या नाण्यांमधली निम्मी अडचणीची नाणी तुम्ही स्वतःच बाजूला काढाल. प्रूफ नाणीही दागिन्यात गेली आहेत, आणि कडीची खूण भरून काढणारे कुशल हात जगभर आहेत. काठाचा पूर्ण फेरा भिंगाखाली फिरवल्याशिवाय नाणं चांगलं म्हणायचं नाही.

मॅट पृष्ठभाग वाचायला शिका

१९०२ च्या नाण्यांचा खरा अभ्यास इथे आहे, म्हणून थोडं सावकाश.

अस्सल, न छेडलेल्या मॅट प्रूफवर भिंगाखाली बारीक रव्यासारखे कण दिसतात. ते सगळीकडे असतात: मोकळ्या भागात, राजाच्या गालावर, अक्षरांच्या माथ्यावर, अक्षरांच्या पोटात, घोड्याच्या चार पायांमधल्या खोल जागेत. कारण खरखरीतपणा साच्यातूनच उमटलेला असतो. दिवा कुठूनही आणा, उजेड सारखा पसरतो. नाणं फिरवताना एखादी झळाळी काट्यासारखी गोल फिरत नाही.

आता याच नाण्यावर कुणी तरी कापड फिरवलंय असं समजा. उंच भागांवरचे कण आधी दबतात. गालावर, भुवईवर, घोड्याच्या मांडीवर गुळगुळीत चकाकणारे डाग दिसू लागतात, आणि मोकळ्या भागात केसाएवढ्या समांतर रेघा. दिवा तिरका केला की या रेघा एका विशिष्ट कोनात एकदम उजळतात आणि दुसऱ्या कोनात गायब होतात. म्हणूनच नाणं सपाट ठेवून काढलेल्या एका फोटोवर कधीही विश्वास ठेवू नका.

गेल्या सव्वाशे वर्षांत किती जणांनी ही नाणी 'मळलेली' समजून चोळून लखलखीत केली असतील, याचा विचार करून जीव हळहळतो. ती नाणी आता बाजारात दोन रूपांत येतात. एक, प्रामाणिकपणे 'साफ केलेलं' म्हणून, कमी भावात. दोन, 'चकाकणारं दुर्मीळ १९०२ प्रूफ' म्हणून, जास्त भावात. दुसऱ्या प्रकारापासून लांब राहा. एका प्रदर्शनात असंच एक अर्धं सॉव्हरिन समोर आलं होतं. विक्रेता पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, चमक बघा, अशी चमक मिळत नाही." भिंग लावलं तेव्हा अक्षरांच्या पोटात कण जसेच्या तसे शाबूत होते आणि बाहेर सगळं आरशासारखं. कापड अक्षराच्या पोटात पोचत नाही. हा पुरावा डोळ्यांना दिसला की विक्रेता काय बोलतो याने फरक पडत नाही.

उलटी फसवणूकही होते. साध्या १९०२ च्या नाण्यावर रसायनाने किंवा बारीक वाळू मारून मॅटपणा आणतात. तिथे काठ बघा. प्रूफचा काठ उभा आणि धारदार असतो, साध्या नाण्याचा किंचित गोलसर. शिवाय नंतर आणलेला खरखरीतपणा आधीच्या ओरखड्यांच्या वर बसलेला दिसतो: ओरखडा खाली, कण वर.

१९११ च्या नाण्यांना वेगळी काळजी लागते. आरशासारख्या भागावर रेशमी कापडाचीही रेघ उमटते, आणि त्या काळच्या पेट्यांमध्ये नाणी मखमलीच्या खाचेत बसवलेली असायची. पेटी हलली की नाणं घासलं. म्हणून अगदी चांगल्या घरातून आलेल्या नाण्यावरही थोड्या रेघा असतातच. त्यांना घाबरायचं नाही. किती आहेत आणि राजाच्या चेहऱ्यासमोर आहेत का, हे बघायचं.

खोटी नाणी

सॉव्हरिनची नक्कल हा जुना धंदा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात लेबनॉनमध्ये ती मोठ्या प्रमाणावर झाली, आणि त्यातली बरीच नाणी चांगल्या सोन्याचीच होती. ब्रिटनने १९५७ मध्ये सॉव्हरिन पुन्हा पाडायला सुरुवात केली त्यामागे या नकलांना पायबंद घालणं हेही एक कारण होतं. तेव्हा सराफाने 'सोनं खरं आहे' म्हटलं याचा अर्थ नाणं खरं आहे असा होत नाही.

तरीही प्राथमिक चाचणी करायलाच हवी. शंभराव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि व्यास मोजायला प्लॅस्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर घ्या, धातूचा नको. सॉव्हरिन ७.९८ ते ७.९९ च्या आसपास बसलं पाहिजे. साध्या गिनीवर पाण्याची चाचणीही करून बघण्यासारखी आहे: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काटा साधारण ०.४५ ग्रॅम दाखवतो. ७.९९ ला ०.४५५ ने भागलं की साडेसतराच्या जवळपास उत्तर येतं, आणि २२ कॅरेट सोन्याची घनता तेवढीच असते. प्रूफ नाण्याला मात्र दोरा बांधू नका. त्याच्यासाठी सराफाकडचं किरणांनी तपासणारं कॅरेटमीटर पुरेसं आहे, नाण्याला हात न लावता धातूचं प्रमाण कळतं.

आणि कसोटीच्या दगडावर नाणं घासू द्यायचं नाही. कुणीही असो, कितीही ओळखीचा असो. एका घासण्यात काठ जातो.

पाकीटबंद नाणी आणि दर्जाचे आकडे

अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या दोन संस्था नाणं तपासून, त्याला १ ते ७० मधला दर्जा देऊन प्लॅस्टिकच्या कडक डबीत बंद करतात. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. प्रूफसाठी आकड्याआधी पीएफ किंवा पीआर लिहिलेलं असतं. ६० च्या खालचा आकडा म्हणजे हाताळलेलं प्रूफ. ब्रिटिश विक्रेते अजूनही एफडीसी हा शब्द वापरतात, म्हणजे जवळजवळ निर्दोष. पण तो शब्द प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे वापरतो.

पहिली दोन-तीन प्रूफ नाणी स्लॅबमधलीच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. खोट्याची भीती बरीच कमी होते. स्लॅबवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी खुणेला खूण लावून जुळवा, कारण स्लॅबही खोटे येतात. आकडा बघण्याआधी नाणं बघा. एकाच दर्जाच्या दोन नाण्यांत एक डोळ्यात भरतं आणि दुसरं निर्जीव दिसतं, असं नेहमी होतं. शक्य असेल तर पहिलं निवडा, चार पैसे जास्त गेले तरी.

'डिटेल्स' हा शब्द स्लॅबवर दिसला तर त्यापुढचं कारण वाचा: साफ केलेलं, कडी काढलेलं, काठ दुरुस्त केलेलं. शिकण्यासाठी असं एखादं नाणं घ्यायला हरकत नाही, पण मग भावही तसाच द्या.

कुठून सुरुवात करायची

माझं मत स्पष्ट आहे: १९०२ चा मॅट प्रूफ अर्धा सॉव्हरिन. सोन्याच्या चौघांत तो सगळ्यात आवाक्यातला, आणि मॅट पृष्ठभाग शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही. मग त्याच वर्षाचा सॉव्हरिन. त्यानंतर १९११ चा सॉव्हरिन. पाच पौंडांकडे वळायचं ते एवढं झाल्यावर. ते नाणं हातात घेण्याचा आनंद वेगळाच आहे, पण मोठ्या पृष्ठभागावर दोषही मोठे दिसतात आणि चूक महाग पडते.

बजेट थोडं पुढे सरकलं तर १९३७ चा सहाव्या जॉर्जचा सोन्याचा चार नाण्यांचा संच आहे, ५,५०१ संच निघाले. त्याची कड साधी, दाते नसलेली, म्हणून ओळखायला सोपा. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीने १९२३ मध्ये सुरुवात केली तेव्हाचे ६५५ प्रूफ सॉव्हरिनही संग्राहक शोधत असतात.

अमेरिकेची १९०८ ते १९१५ मधली प्रूफ नाणी हे मात्र वेगळं जग आहे. तिथे साच्याऐवजी पाडून झालेल्या नाण्यावर बारीक वाळूचा मारा करत. संग्राहकांना तो काळसर रंग आवडला नाही, म्हणून १९०९ आणि १९१० मध्ये उजळ पृष्ठभाग करून बघितला, आणि मग पुन्हा जुन्या पद्धतीवर आले. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सच्या वीस डॉलरच्या नाण्याची प्रूफ १९०८ मध्ये १०१ निघाली आणि १९१५ मध्ये अवघी ५०. अशा नाण्याला हजारो डॉलर लागतात, तेही दहा-दहा हजारांच्या पटीत. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी मोठ्या प्रदर्शनांत आणि लिलावाआधीच्या दर्शनात ती जरूर बघावीत, बघायला पैसे पडत नाहीत.

मुंबईचं १९१८

या विषयात आपली मुंबई येते ती पहिल्या महायुद्धामुळे. समुद्रावर धोका होता, सोन्याची ने-आण अवघड झाली होती आणि इथे चलनाची टंचाई होती. म्हणून १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत, फोर्टमधल्या टांकसाळीच्या आवारात उघडली. लंडनहून सॉव्हरिनचे साचे येईपर्यंत इथे १५ रुपयांची सोन्याची मोहोर पाडली गेली, वजन आणि कस बरोबर सॉव्हरिनएवढा, कारण तेव्हा एक पौंड म्हणजे १५ रुपये. सुमारे २१ लाख मोहोरा निघाल्या. नंतर आय अक्षराचे सुमारे १३ लाख सॉव्हरिन. शाखा १९१९ मध्ये बंद झाली.

ही व्यवहाराची नाणी. सुंदर आहेत, आणि महाराष्ट्रातल्या संग्रहात एखादी असावीच. पण १५ रुपयांचं 'प्रूफ' कुणी देऊ केलं तर थांबा. भारतातल्या टांकसाळी पुढे कित्येक वर्षं जुन्या साच्यांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून देत असत. या रीस्ट्राइक नाण्यांची चमक प्रूफसारखीच असते. मूळ प्रूफ आणि रीस्ट्राइक यांच्या भावात मोठी दरी आहे. विक्रेत्याकडून बिलावर 'मूळ' की 'रीस्ट्राइक' हा शब्द लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

खरेदी आणि कायदा

लिलावगृहांचे जुने निकाल फोटोंसकट बघता येतात. लंडनची स्पिंक, अमेरिकेतली हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स यांच्या नोंदींमध्ये बसून एकाच नाण्याचे वीस-पंचवीस निकाल वहीत उतरवा: तारीख, दर्जा, भाव, आणि फोटो बघून स्वतःचं मत. महिनाभरात भावाचा अंदाज इतका पक्का होतो की कुणी वाटेल ते सांगून गळ्यात मारू शकत नाही. बोली लावताना लक्षात ठेवा, हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन लागतं, बहुतेक ठिकाणी २० ते २५ टक्के. १,००० पौंडांची बोली म्हणजे खिशातून १,२०० ते १,२५०, त्यावर कर, विमा आणि पाठवणीचा खर्च वेगळा.

परदेशातून भारतात मागवण्याआधी कस्टमच्या एजंटाशी बोला. सोन्याच्या नाण्यांच्या आयातीचे नियम आणि शुल्क बदलत असतात. बोली जिंकल्यावर चौकशी करण्यात अर्थ नसतो.

भारतातून बाहेर नेण्याबाबत तर फारच काळजी घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९०२, १९११, १९१८ ही सगळी आता त्या रेषेच्या पलीकडे गेली आहेत. म्हणजे आजोबांच्या पेटीत सापडलेलं मॅट प्रूफ दर्जा लावून घ्यायला अमेरिकेला कुरिअर करायचं नाही, आणि लंडनच्या भाच्याला लग्नात भेट म्हणून सामानातून द्यायचंही नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. परदेशातून आणलेल्या नाण्याची आयातीची कागदपत्रं कायम जपा.

प्रत्यक्ष बघण्यासाठी मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. विषय मुळातून शिकायचा असेल तर तिथे जाऊन यावं.

सांभाळ

नाणं फक्त काठाला धरायचं, खाली मऊ कापड पसरून, आणि नाण्याच्या वर बोलायचंही नाही. थुंकीचा बारीक थेंब काही वर्षांनी डाग होऊन वर येतो. २२ कॅरेटमध्ये तांबं असतं, म्हणून लालसर ठिपके येऊ शकतात. ते तसेच राहू द्या. कुठलंही द्रावण, चिंच, रिठा, टूथपेस्ट, सराफाचं पॉलिश, काहीही नको. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने चिकट हिरवट थर नाण्यावर बसतो, तेव्हा ती घरातून हद्दपार करा. कडक कॅप्सूल किंवा मायलारचं (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट वापरा. मुंबई-कोकणाच्या हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. मूळ लाल चामडी पेटी मिळाली तर ती नीट जपा, तिलाही किंमत आहे, पण नाणी तिच्यात ठेवू नका.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असाल तर प्रत्येक नाण्याबरोबर एक कागद असू द्या. त्यावर मराठीत स्वच्छ लिहा: नाण्याचं नाव, सन, प्रूफ आहे की साधं, कुठून किती किमतीला घेतलं, स्लॅबचा क्रमांक, आणि विकायची वेळ आली तर कुणाला दाखवायचं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत: 'हे नाणं वजनावर मोडीत द्यायचं नाही, साफ करायचं नाही.' घरातल्या किमान एका माणसाला हा कागद वाचून दाखवा.